शिपायाची ओळख आणि जातीचा रकाना

लष्करभरतीच्या मेळाव्याला निघालेल्या मुलाच्या पिशवीत आज कागदांचा गठ्ठाच असतो. दहावीची गुणपत्रिका, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, सरपंचाने दिलेला चारित्र्याचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, आधार कार्ड. हे कागद अलीकडचे. त्यांनी विचारलेले प्रश्न मात्र जुने आहेत. तू कोण, कोणाचा, कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा? यांतल्या शेवटच्या प्रश्नाचा इतिहास महाराष्ट्रात विशेष कडवट आहे.

कंपनी सरकारच्या काळात मुंबई इलाख्याच्या फौजेत शिरणाऱ्याकडे जन्मदाखला नसे. वय अंदाजानेच लिहीत. बापाचे नाव, गाव, जात, उंची, अंगावरच्या खुणा एवढी नोंद झाली की माणूस शिपाई होई. कोरेगाव भीमा येथील स्तंभावर 1 जानेवारी 1818च्या लढाईतील शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांत 'नाक' हा प्रत्यय असलेली 22 नावे आहेत. हा प्रत्यय महार समाजातला. म्हणजे जात वेगळी न लिहिताही ती दगडावर उमटली आणि फौजेला तिची अडचण वाटली नाही.

1857च्या उठावानंतर हे चित्र बदलले. कोणत्या जाती 'लढाऊ' आणि कोणत्या नाहीत, अशी वर्गवारी सुरू झाली. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना (1885 ते 1893) या विचाराला जोर चढला. पलटणी जातवार बांधल्या जाऊ लागल्या आणि 1892-93च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. शरीर तेच, गाव तेच, बापाची नोकरीही लष्करातलीच. पण रकान्यातला एक शब्द आता नकाराला पुरेसा होता. पुढे भरती अधिकाऱ्यांसाठी जातवार माहितीपुस्तकेही निघाली. मेजर बेथम यांचे मराठे व दखनी मुसलमान यांच्यावरचे पुस्तक 1908चे आहे.

या बंदीने केवळ पगार गेला नाही. लष्करी छावणीत शाळा होती, निवृत्तिवेतन होते, गावकीच्या कामांतून सुटका होती. सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरात शिक्षण पोचले ते याच वाटेने. त्यांचा मुलगा भीमराव 1891 साली महू येथे जन्मला आणि त्यानंतर वर्षा-दोन वर्षांतच ही वाट बंद झाली.

मग जुन्या शिपायांनी स्वतःच कागद तयार केले. लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 साली भरतीबंदीविरुद्ध अर्ज लिहिला. आपला समाज मूळचा क्षत्रिय आहे, असे त्यांनी त्यात मांडले. सरकारने जातीवरून दार लावले होते, म्हणून उत्तरही जातीच्या भाषेतच द्यावे लागले. 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. लष्कर आणि पोलीस यांत आम्हांस पुन्हा घ्यावे, ही त्यातली मुख्य मागणी होती.

अर्जांनी जे साधले नाही ते महायुद्धाने साधले. माणसे कमी पडू लागली तेव्हा 1917 साली 111वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर, 1921 साली ती मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. या खेपेस ती टिकली. आज तिच्यात देशाच्या सर्व भागांतले जवान आहेत.

भरतीचे कागद माणसाची खातरजमा करण्यासाठी असतात, आणि ती गरजेची आहे. पण कोणाला घ्यायचे हे धोरण ठरवते. कागद त्या धोरणाला आधार पुरवतो. जातीचा तोच तपशील 1818च्या लढाईनंतर स्तंभावर मानाने कोरला गेला आणि 1893 साली त्याच्यावरूनच परत पाठवले गेले. काही पलटणींत आजही ठरावीक वर्गांतून भरती होते. त्यामुळे दाखल्यांच्या गठ्ठ्यात जातीचा कागद कशासाठी मागितला जातो, हा प्रश्न अजून जुना झालेला नाही.