गांधारीचा आवाज

आमच्या निपाणीच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. आज्जी तिला 'प्लेटांची ट्रंक' म्हणायची. तंबाखूचा हंगाम चांगला गेला त्या साली आजोबांनी चावीचा फोनो आणला, त्याबरोबरच्या या प्लेटा. घरच्या बायकांना बैठकीला जायची सोय नव्हती. गाणंच त्यांच्याकडे माजघरात आलं.

त्यातल्या एका तबकडीवर 'गांधारी' असं नाव आहे. या आपल्या गंगूबाई हनगल, 1913 साली धारवाडला जन्मलेल्या. सुरुवातीच्या तबकड्यांवर त्यांचं हेच नाव असे. तबकडीवरचा आवाज बारीक, कोवळा. रेडिओवर मात्र आम्ही ऐकला तो खर्जातला भारदस्त आवाज. आज्जी म्हणायची, "अगं, मशीन जोरात पळतंय, म्हणून बाईचा आवाज असा किरटा येतोय." मशीन खोटं की आवाज खरा, हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासूनचा.

आज्जीचं म्हणणं काही अडाणी नव्हतं. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान गायल्या, त्या काळात ध्वनिमुद्रणाचा वेग सगळीकडे सारखा नसे. पुढे मिनिटाला 78 फेऱ्या हा वेग रुळला. 74 फेऱ्यांवर भरलेली तबकडी 78 वर लावली, तर गाणं जवळजवळ अर्धा सूर चढतं. काळी चारची गाणारी पांढरी सहाची वाटते! त्यात घरचा फोनो स्प्रिंगवर चालणारा. त्याचा वेगाचा स्क्रू कुणी फिरवला की झालं. बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व लहानपणी अशाच तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची गायकी हुबेहूब उचलत. यंत्राचा वेग म्हणजे ऐकणाऱ्याची पट्टी, हे त्यावरून समजावं.

पुढे विजेची यंत्रं आली. काहींत रबरी चाक ताटलीला घासून फिरवी, काहींत शिलाई मशीनसारखा पट्टा. पट्टा सैल पडला की सूर डगमगतो. 1970 साली जपानच्या टेक्निक्सनं एसपी-10 बाजारात आणलं. त्यात चाक नाही, पट्टा नाही; ताटली थेट मोटरच्या आसावर. यालाच डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. नंतर क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक त्या वेगावर पहाऱ्याला बसला. मोटरचे बारीक हिसके सुरात उतरतात अशी जाणकारांची तक्रार असे. 2016 साली नव्यानं आलेल्या एसएल-1200 मध्ये लोखंडी गाभ्याविना मोटर घालून तेही कमी केलं.

पुण्याचा भाचा म्हणाला, "मावशी, लाखाच्या वर जाईल, पण तेच घे." मी मात्र किंमत बाजूला ठेवून तीन गोष्टी पाहिल्या. 78 चा वेग आहे का? 1979 चं नावाजलेलं एसएल-1200 एमके-2 इथंच बाद झालं. त्यात 33 आणि 45 एवढेच वेग. वेग थोडा कमीजास्त करता येतो का? आणि जुन्या रुंद खाचेची वेगळी सुई बसते का? एलपीची बारीक सुई त्या खाचेत तळाला घासते.

सुईचा भारही मी पाहिला. चावीच्या फोनोचा भार शंभर ग्रॅमहून अधिक, आणि सुई पोलादी. या यंत्रात काम थोड्या ग्रॅमांत भागतं. मला ते महत्त्वाचं वाटलं, कारण जुन्या प्लेटा लाखेच्या, आणि लाख किड्यांपासून मिळते. श्रावकानं टाळायच्या पंधरा धंद्यांत लाक्षावाणिज्य आहे. आमच्या माजघरातलं हे सुख किती जिवांवर उभं होतं, हे आज्जीला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे. जी हिंसा होऊन गेली ती परत फिरत नाही; निदान ती प्लेट खरवडून वाया घालवू नये.

शेवटी यंत्र विकत घेतलं नाही. गरज चार प्लेटांची, आणि परिग्रह लाखाचा! बेळगावच्या एका शौकिनाकडे तसलं यंत्र होतं, तिथं ट्रंक घेऊन गेले. 78 वर काटा स्थिर झाला. सुई टेकली.

आवाज तसाच आला. बारीक, कोवळा.

म्हणजे आमचं मशीन फारसं खोटं नव्हतं. घशाच्या आजारावर उपचार झाले, त्यानंतर बाईंचा आवाज जाड झाला. त्याच आवाजावर त्यांनी पुढचं सगळं गाणं उभं केलं. आपण मात्र त्यांच्या तरुणपणीच्या आवाजाला इतकी वर्षं यंत्राचा दोष म्हणत होतो. आज्जी असती तर तिला शेजारी बसवून ऐकवलं असतं.