गज्जाच्या वाटेवर

आधी कातड्याचा वास येतो. तुम्ही इ.स.पू. 125 च्या सुमाराच्या यहूदात आहात. समोर एक लेखनिक आखलेल्या रेघेखाली हिब्रू अक्षरं काढतोय. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकतात, तशीच त्याचीही रेघेला लटकतात. यशया संदेष्ट्याचा ग्रंथ उतरवणं चाललंय. 17 कातडी एकाला एक शिवून सात मीटरांहून लांब गुंडाळी होईल, आणि मृत समुद्राकाठच्या कुमरानजवळच्या गुहेत ती 1947 च्या सुमारास सापडेल. आज आपण ज्याला 53 वा अध्याय म्हणतो, तिथे त्याची लेखणी पोहोचलीय: इतरांचे अपराध अंगावर घेणारा, मार खाऊनही अवाक्षर न काढणारा सेवक. शाई अजून ओली आहे, आणि येशूच्या जन्माला शतकाहून जास्त अवकाश आहे. हा मजकूर मागाहून कुणी जुळवलेला नाही, हे डोळ्यांनी पाहून घ्या.

आता दीडशे वर्षं पुढे या. यरुशलेमहून गज्जाकडे उतरणाऱ्या ओसाड रस्त्यावर रथ चाललाय. आत कूशच्या, म्हणजे आजच्या सुदानकडच्या, कांदके राणीचा खजिनदार. एवढ्या लांबून उपासनेला आला होता, परत निघालाय. तो षंढ आहे, आणि मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे अशा माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही. हातात तोच उतारा, बहुधा ग्रीक भाषांतरात. तो मोठ्यानं वाचतोय, म्हणून धावत रथाशेजारी आलेल्या फिलिप्पाला, येशूच्या एका अनुयायाला, ऐकू येतं, तुम्हालाही. वाचलेलं कळतंय का, असं फिलिप्प विचारतो. कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं कळणार, म्हणत खजिनदार त्याला वर बोलावतो. तुम्हीही चढा.

मग तो विचारतो: संदेष्टा हे स्वतःविषयी बोलतोय की दुसऱ्या कुणाविषयी? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण उत्तर उघड नव्हतं. यहुदी परंपरेत पुष्कळांनी या सेवकात दुःख सोसणारं इस्राएलच पाहिलं. मशीहा म्हणजे दाविदाच्या वंशातला, परक्यांची सत्ता उलथवणारा राजा, अशी अनेकांची आशा. क्रुसावर मेलेला नासरेथकर येशू त्या आशेत कुठेच बसत नव्हता. त्याचे शिष्यही पांगले होते. तो उठला आहे, याची खात्री पटल्यावर त्यांनी जुने शास्त्रलेख पुन्हा उघडले आणि राजा कसा असतो, हेच त्यांना नव्यानं दिसलं. म्हणूनच भाकितांची यादी घेऊन एकेका नोंदीपुढे खूण करत बसणं मला तोकडं वाटतं. विश्वास घडला तो या पुन्हा वाचण्यातून.

फिलिप्प याच उताऱ्यापासून सुरुवात करून येशूविषयी सांगतो. त्याचं बोलणं ही हकीकत सांगणाऱ्या लूकने लिहून ठेवलेलं नाही. तोवर तुम्ही गुंडाळीच्या न उलगडलेल्या भागाकडे पाहा. थोडं पुढे, 56 व्या अध्यायात, देव परक्यांना आणि षंढांना जवळ घेतो. षंढांना आपल्या घरात जागा आणि मुलाबाळांहून सरस असं कायमचं नाव देऊ करतो. भाकीत आता रथात बसलेल्या माणसापर्यंत येऊन पोहोचलंय.

पाणी दिसताच तो रथ थांबवायला सांगतो. बाप्तिस्मा घ्यायला मला काय आड येतं, असं विचारतो. नियमशास्त्रातली ती आडकाठी ठाऊक असलेल्या माणसानेच हा प्रश्न असा विचारावा. दोघेही पाण्यात उतरतात, आणि खजिनदार आनंदानं कूशच्या वाटेला लागतो.