पंधरा दिवसांची कारकीर्द

मोटारशर्यतींच्या निकालांचीं कोष्टकें चाळणाऱ्यास रॉजर विल्यमसन या इंग्रज तरुणाच्या नांवापुढें दोन शर्यती आणि शून्य गुण एवढेंच आढळतें. फॉर्म्युला वन या सर्वोच्च वर्गांतील त्याची सारी कारकीर्द सन १९७३ च्या जुलैमधील पंधरा दिवसांत आटोपली. तथापि तिचा शेवट कित्येक विजेत्यांच्या चरित्रांहून अधिक विचार करावयास लावणारा आहे.

सन १९४८ मध्यें जन्मलेल्या विल्यमसननें १९७१ व १९७२ या दोन्ही सालीं ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचें अजिंक्यपद मिळविलें. टॉम व्हीटक्रॉफ्ट हा इमारतींचा सधन कंत्राटदार त्याचा आश्रयदाता होता व त्याच्यावर पुत्रवत् प्रेम करी. त्यानेंच त्याला मार्च कारखान्याची गाडी मिळवून दिली. १४ जुलै रोजीं सिल्व्हरस्टोन येथें पहिल्याच फेरीच्या अखेरीस अनेक गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्यांत त्याची शर्यत संपली.

दुसरी शर्यत २९ जुलै रोजीं हॉलंडमधील झांडफोर्ट येथें झाली. याच मार्गावर १९७० मध्यें पिअर्स करेज हा चालक आगींत मृत्यु पावला होता. मार्ग सुरक्षित नसल्यामुळें १९७२ ची शर्यत झाली नव्हती. सुधारणा करून ती आतां पुन्हां भरविण्यांत आली होती. आठव्या फेरींत विल्यमसनची गाडी उलटून पेटली. तो खालीं अडकला, पण जिवंत होता. मागून येणाऱ्या डेव्हिड पर्लीनें आपली गाडी थांबविली, धांवत रस्ता ओलांडला आणि ती जळती गाडी एकट्यानें उलथण्याची शिकस्त केली. जवळच्या रक्षकांपाशीं आगींत शिरण्याजोगा पोशाख नव्हता. जळणाऱ्या गाडीचा चालक पर्लीच असून तो सुखरूप बाहेर पडला आहे, असें इतर चालकांस वाटलें. शर्यत चालूच राहिली. वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षीं विल्यमसन गुदमरून मेला. त्याच शर्यतींत जॅकी स्टुअर्टनें आपला सव्विसावा विजय मिळवून जिम क्लार्कचा विक्रम मागें टाकला.

पर्लीस पुढें जॉर्ज पदक देण्यांत आलें, आणि तें सर्वस्वी योग्यच होतें. परंतु त्याच्या गौरवानें व्यवस्थेचा दोष झांकला जातां कामा नये. पुढून गेलेले चालक निर्दय नव्हते, रक्षकही भ्याड नव्हते. चालकांस खरी स्थिति कळविणारें कोणी नव्हतें, व रक्षकांस योग्य साधन दिलेलें नव्हतें. एका मनुष्यास असामान्य धैर्य दाखवावें लागलें, कारण इतरांचीं साधीं कर्तव्यें आधीं ठरवून ठेवलेलीं नव्हतीं. शौर्यकथा वाचतांना हा हिशेब आपण बहुधा विसरतों.

व्हीटक्रॉफ्टनें डॉनिंग्टन येथील जुना मार्ग १९७७ मध्यें शर्यतींस पुन्हां खुला केला. एकही गुण न मिळविलेल्या विल्यमसनचा पुतळा २००३ मध्यें तेथेंच उभारण्यांत आला.