नव्या गावठाणाची पारख

भोर तालुक्यातल्या उत्रोली गावापासून भाटघरचं धरण जवळच. वेळवंडी नदीवर 1928च्या सुमारास ते उभं राहिलं, तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. घरदार पाण्याखाली गेलेल्यांनी नवी जागा आपल्या हिशेबानं पारखायची: पाणी किती लांब, सोयरे कुठं, पोरं शिकणार कुठं?

राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा 1976चा. पुढं 1999च्या कायद्यानं नव्या गावठाणात शाळा, खेळाचं मैदान, विहीर किंवा नळ, चावडी आणि स्मशानभूमीसुद्धा बंधनकारक केली. स्मशानभूमी या यादीत आहे, हे फार मोलाचं. जिथं आपली माणसं निरोपाला नेता येतात, तिथंच कुटुंब रुजतं.

याच तालुक्यातल्या नीरा-देवघर धरणानंही अनेक घरं हलवली. सामान ट्रकमध्ये चढलं. उंबऱ्याचा दगड मात्र मागंच राहिला.