पाट्या उतरवत मागे

घोडेगावच्या स्टँडवर तुम्ही भीमाशंकरच्या गाडीची वाट बघताय. समोरून शाळेची प्रभातफेरी जाते. पुढच्या पोराच्या हातात हार घातलेली तसबीर, मागच्यांच्या तोंडी ‘अमर रहे’. आज १२ डिसेंबर. या तालुक्यात ती तारीख कुणाला समजावून सांगावी लागत नाही. महाळुंगे पडवळचा बाबू गेनू सैद १९३० साली याच दिवशी मुंबईत लॉरीखाली गेला, वय २२.

गाडी लागते. कंडक्टर डिंभ्याचं तिकीट फाडतो. खिडकीशी बसा. गाडी रस्त्यानं पश्चिमेला जाईल आणि वर्षांच्या हिशेबानं मागे. जाताजाता या माणसाचं नाव कुठं कुठं लागलंय ते बघा, आणि मग ते एकेका जागेवरून कसं उतरतं तेही.

पहिला धक्का माळीणच्या बाजूला बसतो. ३० जुलै २०१४. त्या दिवशी सकाळच्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नव्हतं, आणि त्यानं ते बाहेर कळवलं. दीडशेच्या वर माणसं डोंगराखाली गेली. मागच्या दिवशी गेलात की डोंगर जागेवर, घरं जागेवर, भातलावणीची घाई. नंतर चिखलात उतरलेले, घरून भाकऱ्या बांधून आणणारे स्वयंसेवकही अजून आपापल्या घरी आहेत. उद्या आपल्याला कुठं जावं लागणार याची त्यांना गंधवार्ता नाही.

मग २७ सप्टेंबर २०१३, मुंबई, माझगाव, डॉकयार्ड रोड. सकाळच्या वेळी महापालिकेची एक पाच मजली इमारत कोसळते आणि आत ६१ जण मरतात. राहणारे बरेचसे पालिकेच्याच कर्मचाऱ्यांच्या घरचे. इमारतीचं नाव बाबू गेनू मंडई. त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रांत हे नाव रोज छापून आलं, पण आपल्या बाबूसाठी नाही, ढिगाऱ्याचा पत्ता म्हणून. इमारत बांधली १९८० च्या सुमारास. त्याच्या मागे गेलात की पाटी गेली.

पुण्यात मंडईजवळ त्याच्या नावाचा वाहनतळ आहे. गाडीखाली चिरडलेल्या माणसाच्या नावानं गाड्या लावायची जागा! ठराव करणाऱ्यांच्या मनात वावगं काही नसणार, पण एकदा कुणीतरी तो मोठ्यानं वाचून बघायला हवा होता. मंडईतला गणपती त्या मानानं बरा. हुतात्मा बाबू गेनू मंडळाचा गणपती नवसाचा म्हणून ओळखला जातो, आणि दहा दिवस का होईना, हे नाव हजारो लोकांच्या तोंडी असतं. आता तेही सोडा. गाडी डिंभ्याला पोचली.

धरणाच्या भिंतीवर उभे राहा. समोर घोड नदीचं अडवलेलं पाणी आहे आणि कागदोपत्री त्याचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. कुकडी प्रकल्पातलं हे धरण. त्याचं पाणी कालव्यांनी पार नगर-सोलापूरच्या उसापर्यंत जातं. ज्यांची खाचरं त्यात गेली ते महादेव कोळी मात्र काठावरच राहिले. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते जुनं आंबेगावही याच पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचे अवशेष वर येतात, लोक बघायला जातात, फोटो काढतात.

इथं थोडं थांबा, कारण या काठावर बरंच काही घडलंय. धरणानं विस्थापित झालेल्या आदिवासींबरोबर कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांनी ‘शाश्वत’ संस्थेतून अनेक वर्षं काम केलं. काम म्हणजे काय, ते जवळून बघा. उतारावर माणसं ओळीनं बसून दगड रचताहेत, बांध घालताहेत, मागे माती भरताहेत. आज एकाच्या खाचरावर, उद्या दुसऱ्याच्या. याला पडकई म्हणतात. ही रीत डोंगरातली जुनीच. संस्थेनं ती रोजगार हमीच्या कामात बसवण्यासाठी सरकारदरबारी खेटे घातले. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेराच्या जमिनी कसायला मिळाव्यात म्हणून अर्ज केले. ज्या पाण्यानं घर नेलं त्यात मासेमारीचा पहिला हक्क आपला, असं म्हणत सोसायटी उभी राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक २०१२ साली ‘शाश्वत’ला मिळालं. या जलाशयाला बाबू गेनूचं नाव शोभतं का, असं कुणी मला विचारलं तर मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवणार नाही. खाली होडीत जाळं आवरत बसलेल्या माणसाला विचारा म्हणेन.

आता मागे. पाणी ओसरतं, भिंत जाते, आंबेगाव बाहेर येतं, बाजार भरतो, हिरड्याची पोती माणसांच्या पाठीवर दिसू लागतात. मुंबईत काळबादेवीकडच्या बाबू गेनू रस्त्यावरची पाटी उतरते. १९४७ मागे पडतं. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चौघांना फाशी होते. तुम्ही त्याच्याही आधीच्या महिन्यात उतरता. पुन्हा घोडेगाव, पण तुमच्या ओळखीचं नाही.

स्टँड नाही, एसटी नाही. आंबेगाव अजून खेड तालुक्याचा पेठा आहे आणि पेठ्याची कचेरी इथं. याच कचेरीच्या खजिन्यावर १८३९ साली कोळी बंडकरी चालून आले होते. धुळीचा रस्ता, बैलगाड्या, ओट्यावर बसलेली माणसं. मुंबईची बातमी इथं पायी येते किंवा टपालानं. गिरणीत असलेल्या कुणा गाववाल्यानं टाकलेलं एक कार्ड हातोहात फिरतंय. कार्डाचा एक कोपरा फाडलेला. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की ते घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेरच वाचायचं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. लिहिता-वाचता येणारा एकच जण. तो वाचतो, मध्येच थांबतो, परत पहिल्यापासून वाचतो. बायका आत काय समजायचं ते समजल्यात. एक म्हातारी विचारते, “कोण म्हणालास? गेनूचा?” कुणीतरी मान हलवतं. बाप तो लहान असतानाच गेलेला, घरात दुसरं काही नाही, पोटासाठी मुंबई गाठलेली. महाळुंग्यासारख्या कितीतरी गावांतल्या पोरांची हीच हकिकत आहे, आणि ती एका ओळीत सांगून होते. बसलेल्यांना हुतात्मा वगैरे काही माहीत नाही. त्यांना एवढंच ठाऊक की आपल्याकडचा पोरगा मुंबईला गेला आणि आता परत यायचा नाही. एक जण पुटपुटतो, “तिथं मरायला कशाला गेला?” बाकीचे त्याच्याकडे बघतात, पण त्याला गप्प कुणी करत नाही. हा प्रश्न पुढं कुठल्याही स्मारकावर कोरला जाणार नाही. मला मात्र सगळ्या ‘अमर रहे’पेक्षा त्यात जास्त दुःख ऐकू येतं.

आणखी मागे, मुंबईच्या रस्त्यावर. अंत्ययात्रा. गर्दीत शिरलात की पाय आपोआप पुढे जातात. पांढऱ्या टोप्या, त्यांच्यामधून देशसेविकांच्या केशरी साड्या. मूळजी जेठा मार्केटातले गुमास्ते, पारशी, गुजराती, गिरणीतले घाटी. परवापर्यंत जे एकमेकांना दुकानाच्या फळीच्या अलीकडून-पलीकडून ओळखत, ते आज एकाच तिरडीमागे आहेत. वर गॅलऱ्यांतून फुलं पडताहेत. मराठी बोलणारे काही जण एका कडेनं चालताहेत. घोषणा त्यांच्या तोंडून नीट निघत नाहीत, गळा दाटतो. हे त्याचे शेजारी. खोलीत पथारीला पथारी लावून झोपणारे, एकाच खाणावळीत जेवणारे. पुढाऱ्यांपैकी कुणी त्यांना पुढं बोलवत नाही, आणि तेही जात नाहीत.

सायक्लोस्टाइल केलेली काँग्रेसची चोरटी पत्रकं हातातून हातात जाताहेत. काँग्रेस बेकायदा ठरलेली, गांधीजी मेपासून येरवड्यात, लंडनमध्ये गोलमेज परिषद चाललेली, तीही काँग्रेसशिवाय. अशा वेळी शहराला रडायला एक माणूस मिळाला आहे.

शुक्रवार, १२ तारीख. काळबादेवी.

जुन्या हनुमान गल्लीतून जॉर्ज फ्रेझर या व्यापाऱ्याचं मँचेस्टरचं कापड बंदराकडं निघालंय, पोलीस बंदोबस्तात. लॉरीवर गठ्ठे रचलेले. लॉरी हलली की स्वयंसेवक पुढे येतात, पोलीस ओढून बाजूला करतात, लॉरी चार हात सरकते, दुसरे पुढे येतात. बराच वेळ हे असंच चाललंय. मग भांगवाडीजवळ बाबू पुढे येतो आणि हटत नाही. गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या अशी सांगितली जाते: गोऱ्या अधिकाऱ्यानं गाडी पुढे घ्यायला सांगितलं, चालकानं, बलबीरसिंग असं त्याचं नाव सांगतात, आपल्याच माणसावर गाडी घालायला नकार दिला, आणि मग अधिकारी स्वतः चाकाशी बसला. त्या नकार देणाऱ्या चालकाच्या नावाचा चौक मला तरी माहीत नाही. चाक बाबूवरून गेलं.

तुम्ही फुटपाथवर आहात. हे बघायला तुम्हाला एवढ्या लांब आणलं, याबद्दल मला अवघडल्यासारखं होतंय. पण यायचं तर इथूनच यायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र या गर्दीत उभं राहूनच बोलता येते. विलायती कापड अडलं की मुंबईच्या गिरण्यांचा माल खपायचा. म्हणजे बहिष्काराचा फायदा त्या मालकांना, ज्यांच्याविरुद्ध कामगारांनी १९२८ साली सहा महिने संप केला होता. लाल बावट्याची युनियन या वर्षी काँग्रेसच्या चळवळीपासून चार हात लांब आहे, आणि तिच्याकडे त्याची कारणं आहेत. मग हा गिरणीतला पोरगा मालकांच्या गल्ल्यासाठी मेला का? असा हिशेब मांडणारे हुशार असतात, पण ते त्याला विचारायला गेलेले नसतात. त्याच वर्षी वडाळ्याच्या मिठागरावरच्या सत्याग्रहात तो गेला होता. लाठी कशी लागते हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरीही तो परत रांगेत येऊन उभा राहिला. मालकाचा फायदा होतो म्हणून आपण घरी बसावं, असं त्याला वाटलं नाही. एवढं तरी त्याच्या वागण्यावरून म्हणता येतं.

आता तीन-चार तासच मागे. सकाळ. रस्ता नुकताच झाडलाय, दुकानांच्या फळ्या निघताहेत, चहावाल्याची किटली फिरतेय. स्वयंसेवक एकेक करून जमताहेत. कामाचा वार आहे. यातल्या कितीतरी जणांचा आज खाडा पडलाय, पगारातून पैसे कापले जाणार आणि जॉबरच्या शिव्या खाव्या लागणार त्या वेगळ्याच. कुणाच्या सदऱ्याला कोपरावर ठिगळ, कुणाच्या पायात वहाण नाही. पथकाचं नाव तानाजीचं. एक जण डोकी मोजतोय, मध्येच हिशेब चुकतो, सगळे हसतात, तो परत मोजतो. कोण पुढच्या फळीत, कोण मागच्या. ओढून नेलं तर सुटल्यावर परत कुठं यायचं. जामिनाची भानगड नको, सरळ आत जायचं. बोलणी अशी चाललीत. यातल्या एकाचं नाव उद्यापासून रस्त्यांवर, मंडईवर, गणपतीवर आणि धरणावर चढणार आहे. आत्ता तो यादीतला एक बाबू आहे, आणि यादी कुणीतरी पेन्सिलीनं पाठकोऱ्या कागदावर लिहितंय.

तुम्ही जरा लांब उभे. डोकी मोजणारा तुमच्याकडे बघून विचारतो, “तुम्ही कुठले?”

“घोडेगाव.”

“मग आपल्याकडचेच की. त्या बाबूच्या शेजारी उभे राहा, तोही तिकडचाच. आणि वहाणा काढून ठेवा हो, ओढताना तुटतात. माल अकराच्या सुमाराला निघणार म्हणतात.”