छोटा संगणक जोडताना : जुन्नर-आंबेगावकरांसाठी

दुकानाच्या गल्ल्याशेजारी किंवा पतसंस्थेच्या टेबलावर मावेल असा छोटा संगणक सुटे भाग आणून जोडता येतो. मात्र त्यात हाताच्या कौशल्यापेक्षा आधीच्या मोजमापाला अधिक महत्त्व आहे. चुकीचा भाग आला, तर तो बदलून मिळण्यासाठी बहुधा पुण्याचीच वाट धरावी लागते.

या प्रकारात ‘मिनी-आयटीएक्स’ मदरबोर्ड सर्वाधिक रूढ आहे. तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये आणलेला हा बोर्ड १७ सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद असतो. नेहमीचा एटीएक्स बोर्ड साडेतीस बाय सुमारे साडेचोवीस सेंटिमीटरचा. जागेची ही बचत फुकट मिळत नाही. रॅमसाठी बहुधा दोनच खाचा आणि जादा कार्डासाठी एकच जागा उरते. खरेदीपूर्वी कॅबिनेटच्या माहितीपत्रकात तीन आकडे पाहावेत : कूलरची कमाल उंची, ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि एसएमपीएसचा प्रकार. नेहमीचा एसएमपीएस यात बसेलच असे नाही; अनेक छोट्या कॅबिनेटना एसएफएक्स जातीचा लागतो.

प्रोसेसर, रॅम आणि कूलर बोर्ड बाहेर असतानाच बसवावेत. एम.२ डिस्कची खाच अनेक छोट्या बोर्डांवर मागच्या बाजूला असते. बोर्ड आत कसल्यावर ती आठवली, तर सारे पुन्हा उकलावे लागते. मग बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून एकदा वीज देऊन पाहावी व पडद्यावर चित्र आले तरच पुढे जावे. कांद्याच्या वखारीशेजारी बसणाऱ्या यंत्राच्या हवेच्या वाटेवर काढून धुता येणारी जाळी हवीच. टरफलांचा भुगा अरुंद पंख्यात लवकर साचतो.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते अर्थिंगकडे. एसएमपीएसच्या आतील गाळणी विजेतील गोंगाट अर्थिंगच्या तारेत सोडते. ती तार नसेल, तर कॅबिनेटच्या पत्र्यावर जवळपास निम्मा दाब उतरतो आणि हाताला झिणझिण्या येतात. ‘संगणक शॉक मारतो’ अशी तक्रार असेल, तर संगणक उघडण्याआधी सॉकेटची तिसरी पिन तपासावी.

या भागात आणखी एक कारण आहे. खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात, तर १६ तीन भुजांवर पसरल्या असून त्यांतील कमाल अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी, हे ही जागा निवडण्याचे एक कारण होते. आज ही दुर्बीण साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत आकाश ऐकते. मदरबोर्डचा मूळ ठोका बहुधा १०० मेगाहर्ट्झचा असतो. त्याचे दुपटी-तिपटीचे पडसाद नेमके याच पट्ट्यांत पडतात. गंमत अशी, की खुद्द दुर्बिणीतही तबकड्यांचे संकेत एकत्र करण्याचे काम २०१० च्या सुमारास बाजारातल्या संगणकांच्या जाळ्याकडे आले आणि नंतरच्या सुधारित यंत्रणेत ग्राफिक्स कार्डेही आली.

तेव्हा काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या बाजूंचे देखणे कॅबिनेट टाळावे. पोलादी पत्र्याचे घ्यावे, मागील पोर्टांची पट्टी बसवावी आणि झाकणाचे सगळे स्क्रू लावावेत. बायोसमध्ये ‘स्प्रेड स्पेक्ट्रम’ हा पर्याय असल्यास तो सुरू ठेवावा; त्याने गोंगाट नाहीसा होत नाही, पण एकाच ठिकाणचे त्याचे टोक बोथट होते.