फाटकावरचा कॅमेरा आणि किनाऱ्यावरची राखण

शाबान संपत आला होता. कुवेतहून धाकट्या भावाचा फोन आला, "आपा, या वेळी अम्मीच्या घराला कॅमेरे लावायचेच. वायरलेस. बघून ठेव, पैसे मी पाठवतो." गावात पावसाळ्यात दोन बंद घरांची कौलं काढून चोरी झाली होती. भांडी गेली, पंखे गेले, एका घरातून तर नळाच्या तोट्याही गेल्या. भावाचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यातल्या मुस्लिम मोहल्ल्यांतून कधी फिरलात तर पाहाल. चिऱ्याची दुमजली घरं, रंगवलेले खांब, पुढे पडवी आणि दाराला कुलूप. आधीची पिढी बोटीवर खलाशी म्हणून गेली, पुढची आखाती देशांत, आताची मुंब्रा-पनवेललाही गेली. घर बांधायचं गावात आणि राहायचं दुसरीकडे, ही आमची रीतच झाली. मग राखण कोण करणार? म्हातारी माणसं, शेजारी आणि एखादा अंगणातला कुत्रा. (कुत्रा घरात नको म्हणणारेही राखणीसाठी तो चालतो हे आवर्जून सांगतात.) आता त्या जागी कॅमेरा आला आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, कॅमेऱ्यातलं मला काय कळणार! पण वस्तू घ्यायची म्हणून वाचायला लागले आणि हळूहळू लक्षात आलं की राखण हा आपल्या किनाऱ्याचा फार जुना विषय आहे. शब्दांची सवय असल्यामुळे आधी शब्दांपाशी अडखळले. 'पहारा' हा शब्द प्रहरावरून आला, म्हणजे तो वेळेचा हिशेब. उर्दूतला 'निगहबान' निगाहवरून आला, म्हणजे नजर सांभाळणारा. दोन्हींत कुणाची तरी काळजी घेणं आहे. 'जासूस' वेगळा. तोही पाहतोच, पण ज्याला पाहतो त्याच्यासाठी नाही.

अम्मीच्या घराच्या माडीवरून जंजिरा दिसतो. राजपुरीहून शिडाच्या होडीने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. बुरुजांवरून मात्र येणारी होडी लांबूनच दिसते. स्वतः न दिसता दुसऱ्याला पाहणं ही सिद्दींची ताकद होती, तोफा तिच्यानंतर. म्हणून तर शिवाजी महाराजांनी समोरच्या कासा खडकावर पद्मदुर्ग उभारला. डोळ्यासमोर डोळा. उत्तरेला थळच्या समुद्रातही तेच घडलं. १६७९ मध्ये मराठ्यांनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईचे इंग्रज खवळले, कारण मुंबई बंदरात येणारं-जाणारं जहाज खांदेरीवरून नजरेत राहणार होतं. मायनाक भंडारी बेटावर ठाण मांडून होते आणि मराठी आरमारात दौलतखानही होते. (शाळेत हे नाव सांगितलं की वर्गातली मुलं एकदम मान वर करतात.) इंग्रजांना खांदेरी सोडवता आली नाही. १६८० च्या सुरुवातीला सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली. तिथेही डोळ्यासमोर डोळा आलाच.

या सगळ्या कथांत बुरूज कुणाचा ते आपण सांगतो, पण खाली किनाऱ्यावर राहणाऱ्यांची आठवण क्वचित काढतो. दोन किल्ल्यांच्या मधल्या गावातल्या कोळ्याला, शेतकऱ्याला दोन्हीकडून पाहिलं जात होतं. त्यांच्यासाठी मात्र कुणी पाहत नव्हतं.

१९९३ साली मी सातवीत होते. जानेवारीत दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला जो माल उतरला, तो नेहमीचा चांदीचा नव्हता. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. त्या किनाऱ्यावर पहारा नव्हता असं कुणीही म्हणू शकत नाही. कस्टम होतं, पोलीस होते, नाके होते. डोळे होते, पण ते विकले गेले होते. २००६-०७ मध्ये टाडा न्यायालयाचे निकाल लागले तेव्हा दोषींमध्ये माल उतरवून घेणारे होते, तसेच कस्टमचे आणि पोलिसांतलेही लोक होते. हे आपण आपल्या मुलांना दोन्ही बाजूंनी सांगायला हवं. आपल्यातले काही त्यात होते, हेही आणि राखणीचा पगार घेणारे त्यात होते, हेही.

नंतरची वर्षं मला जास्त आठवतात. नजर परत आली ती समुद्राकडे पाठ करून, गावाकडे तोंड करून. अब्बांबरोबर एसटीने जाताना गाडी थांबली, गणवेशातला माणूस चढला, नावं विचारत पुढे आला. अब्बांचं नाव ऐकून तो थांबला, पिशवी उघडायला लावली. पिशवीत माझी पुस्तकं आणि सुके बोंबील होते. अब्बा घरी आल्यावर काही बोलले नाहीत, अम्मीने विचारलं तेव्हाही नाही. आपल्यावर नजर आहे हे कळलं की माणूस चालतो कसा, बसतो कसा, हे मी त्या दिवशी पाहिलं.

२००८ ला पुन्हा समुद्रातूनच दहा जण आले, 'कुबेर' नावाची मासेमारी बोट पळवून. त्यानंतर सागरी पोलीस ठाणी वाढली, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली, देशाच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणी रडार आणि लांबचं पाहणारे कॅमेरे बसले, त्यांतले बरेचसे दीपगृहांवर. ते हवेच होते. पण १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली आणि तिच्यात तीन एके-४७ सापडल्या, तेव्हा ती पाहून खबर दिली ती स्थानिक माणसांनी. पुढे कळलं की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईच्या मालकीची, मस्कतजवळ बिघडल्यावर माणसं उतरवून समुद्रात सोडून दिलेली. त्या दोन तासांत मात्र माझ्या फोनवर ओळखीच्यांचे जे मेसेज आले, त्यांत काळजी किती आणि चौकशी किती, हे मी अजून ठरवू शकले नाही.

एवढं मनात घेऊन मी कॅमेऱ्याचा इतिहास वाचायला बसले. बंद तारेवरून चित्र पाहण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांत १९४२ चा जर्मनीतला प्रयोग सांगतात, पीनेम्युंडे इथे रॉकेट उडताना सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी केलेला. म्हणजे जन्म लष्करी. पण घराच्या दाराशी कॅमेरा आणला तो एका नर्सने. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन. कृष्णवर्णीय बाई, नवरा अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणारा, दोघांच्या कामाच्या वेळा वेगळ्या. रात्री दार वाजलं की ती एकटी, आणि पोलीस बोलावले तर लवकर यायचे नाहीत. १९६६ मध्ये दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला, २ डिसेंबर १९६९ ला ते मिळालं. दारात वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांमागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, आत पडदा, बाहेरच्याशी बोलायला माइक आणि बटण दाबून कुलूप उघडायची सोय. आज ऑनलाइन दुकानात 'स्मार्ट' म्हणून जे विकतात, त्यातलं निम्मं या बाईने मांडून ठेवलेलं आहे.

मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पडद्याचं ठिकाण. पडदा घरात आहे. जी घरात राहते, तीच पाहते.

आता भावाने पाठवलेली यादी. तीन कॅमेरे, एक फाटकावर, एक पडवीत, एक मागे परसदारी. चित्र सगळं त्याच्या फोनवर कुवेतला. अम्मीकडे बटणांचा फोन, तिला काहीच दिसणार नाही. परसदारी विहीर आहे, आणि गडग्यापलीकडे शेजारच्या खालांची न्हाणी. पूर्वी गडगा छातीइतका होता, कारण कुणी पलीकडे पाहत नसे. घरात शिरण्याआधी इजाजत घ्या आणि लोकांच्या खाजगीत डोकावू नका, हे दोन्ही हुकूम आपण लहानपणापासून ऐकतो. हजरत उमर यांची एक कथाही सांगतात, भिंत चढून एकाची चूक पकडायला गेले आणि त्यानेच उलट त्यांच्या चुका मोजून दाखवल्या. भिंतीवर चढलेला कॅमेरा यातून कसा सुटेल? परसदारचा कॅमेरा मी पहिल्या दिवशीच यादीतून काढला. भाऊ रागावला. "चोर मागूनच येतात आपा!" येतात, खरंय. मागच्या दाराला लोखंडी आडणा करून घेतला.

मग उरलं फाटक. इथे मात्र पुष्कळ शिकावं लागलं, आणि गावी घर असलेल्यांच्या उपयोगाचं आहे म्हणून सांगते. 'वायरलेस' म्हणजे फक्त चित्र तारेशिवाय जातं. वीज लागतेच, ती भिंतीतून, बॅटरीतून किंवा सोलरमधून. बॅटरीवाले बहुतेक कॅमेरे झोपलेले असतात, हालचाल झाली की जागे होतात, त्यामुळे सुरुवातीचा क्षण हुकू शकतो. सोलरची पाटी मे महिन्यात उत्तम चालते आणि आषाढात, म्हणजे चोरांच्या हंगामात, मान टाकते. आमच्या चिऱ्याच्या दीड फूट जाड भिंतीतून वायफायचा सिग्नल जेमतेम बाहेर येतो. २.४ गिगाहर्ट्झचा जरा बरा, ५ चा भिंतीतच संपतो. म्हणून राउटर पडवीच्या खिडकीशी आणावा लागला. जिथे ब्रॉडबँड नाही तिथे सिमकार्डवर चालणारे कॅमेरे मिळतात, दर महिन्याचा खर्च धरून चालावं.

दुकानदार 'आयपी ६६' म्हणून छाती ठोकून सांगतो. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. खाऱ्या वाऱ्याने स्क्रू गंजतो का, याचं उत्तर त्या आकड्यांत नसतं. स्क्रू आणि पट्टी स्टेनलेस स्टीलची मागून घ्यावी आणि कॅमेरा वळचणीखाली, पागोळ्यांपासून आत लावावा. पण फार आतही नको. रात्रीचा अदृश्य उजेड कौलाच्या कडेवर आपटून चित्र पांढरं होतं. त्या उजेडावर किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि आठवड्याने चोराच्या जागी कोळ्याचा पाय दिसतो. फडक्याने पुसणं हाच इलाज. झावळी हलली तरी इशारा वाजत असेल तर देहाची उष्णता ओळखणारा कॅमेरा घ्यावा, नाहीतर वाऱ्याच्या रात्री फोन बंद करून झोपायची पाळी येते.

कंपनीच्या पासवर्डवर तर कधीच विसंबू नये. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने जगभरचे असे पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि ऑक्टोबरात त्यांच्याच जोरावर अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइटी बंद पाडल्या. लोकांनी घराच्या राखणीला ठेवलेले डोळे परक्याच्या चाकरीला लागले, मालकाला पत्ताही नाही. आपल्याकडे ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा-चाचणीची अट लागू झाली आहे, दुकानात त्या प्रमाणपत्राबद्दल जरूर विचारा. चित्र कंपनीच्या क्लाउडवर ठेवायचं की घरातल्या मेमरी कार्डवर, हेही आपण ठरवायचं असतं. मी कार्ड निवडलं. चोराने कॅमेराच नेला तर कार्डही जाईल, हे मान्य करून.

आणि ३ जून २०२० विसरता येत नाही. निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. आमच्याकडे वीज आली ती तीन आठवड्यांनी, फोनला रेंज त्याआधी थोडी. त्या दिवसांत कुठलाच वायरलेस डोळा उघडा राहिला नसता. अम्मीचं छप्पर उडालं तेव्हा गडगा ओलांडून खालाच आल्या होत्या, मेणबत्ती आणि तांदळाची पिशवी घेऊन.

फाटकाचा कॅमेरा बसला. समोरच्या रस्त्याचा विहिरीकडे जाणारा भाग मी ॲपमध्ये काळ्या चौकोनाने झाकला, जवळजवळ सगळ्या बऱ्या कॅमेऱ्यांत ही सोय असते, वापरत कुणी नाही. खालांना बोलावून चित्र दाखवलं, "इथून तुम्ही दिसत नाही" म्हणून. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं, मग म्हणाल्या, "कोंबड्या पण दिसत नाहीत गं. कोंबड्या दिसल्या तर चालतील." चौकोन थोडा सरकवला.

भावाला मी एकच अट घातली, अम्मीला टॅबलेट घेऊन द्यायचा. दिला. आता ती सकाळी पडवीत बसून फाटकावर कोळीण आली की नाही ते पाहते, आणि कोळीण हाक मारायच्या आत "आज सुरमई आहे का?" असं कॅमेऱ्याच्या माइकवरून विचारते. कोळीण पहिल्या दिवशी दचकली, टोपली खाली ठेवून इकडेतिकडे बघत राहिली. आता तीच कॅमेऱ्यापुढे मासा वर धरून दाखवते.

पडवीसाठी आणलेला दुसरा कॅमेरा अजून खोक्यातच आहे. भाऊ दर जुम्याला विचारतो. अम्मी म्हणते, ईदला आलास की स्वतः येऊन बस पडवीत, मग बघ किती वेळ बघायचं ते.